मत आमचे, तारीख कुणाची?

१५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान झाले आणि वाघोलीने पहिल्यांदाच नगरसेवक निवडण्यासाठी बटण दाबले. निकाल लागला, गुलाल उधळला, डीजे वाजला. कोण आला, कोण पडला, कुणी कुणाची मते खाल्ली, यावर आमच्या वस्तीत अजून चर्चा चालू आहे. ती चालू द्या. आम्हाला निकालाच्या आधीचे प्रश्न विचारायचे आहेत. हे मतदान जानेवारी २०२६ मध्येच का झाले? २०२२ मध्ये का झाले नाही? प्रभागाची रेघ कुणी ओढली? यादी कुणी बनवली? आणि मुळात वाघोली गावाचे शहर करायचे, हे कुणाच्या मताने ठरले?

आपली चळवळ मतदानाच्या दिवशी फार जागी असते. एक मत किती मोलाचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. पण मतदानाच्या आधी चार गोष्टी ठरलेल्या असतात: तारीख, हद्द, यादी आणि प्रश्न. या चार गोष्टी ज्याच्या हातात, त्याने अर्धी निवडणूक आधीच जिंकलेली असते. बाबासाहेबांना हे नेमके ठाऊक होते, म्हणून ते आयुष्यभर या चार गोष्टींसाठी भांडले.

आधी तारखेचे बघू. ३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावे पुणे महापालिकेत घेतली. त्यात आमची वाघोली होती. त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. मग नगरसेवक आला का? नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि प्रशासक बसला. म्हणजे पंचायत गेली आणि महापालिकेत आपला माणूस नाही, अशा अवस्थेत वाघोलीने साडेचार वर्षे काढली. आमच्या भागात दगडखाणीवर आयुष्य घालवलेल्या एक मावशी आहेत. दरवर्षी त्या आम्हाला विचारायच्या, "आवंदा पंचायतीचं मतदान न्हाई का रं?" आम्ही सांगायचो, "मावशी, पंचायत गेली, आता महापालिका." त्या म्हणायच्या, "बरं, मग तिचं कधी?" या प्रश्नाचे उत्तर साडेचार वर्षे कुणाकडेच नव्हते.

संविधानात मात्र उत्तर आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३ यू सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. निवडणूक घेण्याची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा आणि पंचायत-पालिका घेणारा राज्य आयोग वेगळा, हे आपल्या कित्येक कार्यकर्त्यांना अजून माहीत नसते. मोर्चा एकीकडे न्यायचा आणि निवेदन दुसरीकडे द्यायचे, असे मग होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर प्रकरणात स्पष्ट सांगितले होते की राज्य आयोगाने मुदतीत निवडणूक घेतलीच पाहिजे. तरीही महाराष्ट्रात एका महापालिकेची नव्हे, डझनावारी महापालिकांची मुदत संपली आणि वर्षानुवर्षे प्रशासक बसले.

"ओबीसी आरक्षणामुळे निवडणुका रखडल्या" हे वाक्य तुम्ही चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ऐकले असेल. या वाक्यापासून आपण सावध राहिले पाहिजे. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काय मागितले? समर्पित आयोग नेमा, स्थानिक पातळीवर मागासलेपणाची माहिती गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. माहिती गोळा करणे हे सरकारचे काम होते. ते वेळेत झाले नाही. त्यात भर म्हणजे प्रभागाचा खेळ. २०१७ मध्ये चारचा प्रभाग, मग एकचा कायदा, मग तीनचा, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा चारचा. मार्च २०२२ मध्ये तर प्रभाग आखण्याचा अधिकारच कायदा करून सरकारने आपल्याकडे घेतला. सरकारे बदलली, पण हा खेळ दोन्ही बाजूंनी खेळला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तोही पुढे मुदतवाढ घेऊन जानेवारी २०२६ पर्यंत ताणला गेला. मग ओबीसी बांधवांना दोष कशासाठी? ज्यांचे हक्क काढून घेतले, त्यांनाच आरोपी करायचे, ही जुनी रीत आहे. आपल्या बाबतीतही तीच वापरली जाते.

आता थोडे दूर जाऊ. आफ्रिका खंडाच्या मधोमध मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक नावाचा देश आहे, राजधानी बांगी. तिथे निवडणुका घेण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण आहे, घटनेवर नजर ठेवायला घटनात्मक न्यायालय आहे. कागदावर सगळे व्यवस्थित. पण १९८८ नंतर तीन दशकांहून अधिक काळ तिथे स्थानिक निवडणुकाच झाल्या नाहीत. यादवी होती, पैसा नव्हता, कारणे खरी होती. पण परिणाम एकच, गावाचा कारभार वरून नेमलेल्या माणसाच्या हाती. २०२२ मध्ये तिथल्या अध्यक्षांना नवी घटना हवी होती. घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती लिहिणारी समिती रद्द केली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या अध्यक्ष डॅनियल डार्लां यांनाच पदावरून दूर करण्यात आले. ३० जुलै २०२३ रोजी सार्वमत झाले. प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकला, अधिकृत आकड्यांत ९५ टक्के लोकांनी 'हो' म्हटले, आणि अध्यक्षाला दोनच वेळा निवडून येण्याची मर्यादा गेली.

लोकांना विचारले नाही, असे कुणी म्हणू शकत नाही. विचारले. पण कधी विचारायचे, काय विचारायचे आणि पंच कोण असेल, हे उत्तर हवे असणाऱ्यानेच ठरवले. "आफ्रिकेत असेच चालते" म्हणून हसणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो: स्थानिक निवडणूक लांबवणे, वरून माणूस नेमणे आणि नियम बदलून मग मत मागणे, यातले आपल्याकडे काय घडले नाही? तिथे तीन दशके, इथे चार वर्षे, एवढा फरक मान्य. आपल्याकडे न्यायालयाचा आदेश पाळला गेला, हाही फरक मान्य आणि मोलाचा. पण रोग त्याच जातीचा आहे.

सार्वमत म्हणजे थेट जनतेला प्रश्न विचारणे. भारताच्या संविधानात त्याची सर्वसाधारण तरतूद नाही. पण मराठी माणसाच्या इतिहासात एक मोठे सार्वमत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीवच्या लोकांना विचारले गेले: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये वेगळा कायदा केला होता. आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, जे स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे होते, त्यांनी मतदानाआधी राजीनामा दिला, म्हणजे सत्तेत बसून कौल वाकवला असे कुणी म्हणू नये. बहुजनांच्या त्या नेत्याची बाजू हरली, पण कौल कसा घ्यावा याचा नमुना त्यांनी घालून दिला. गोव्याला असे विचारले. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाला कधीच विचारले नाही. म्हणजे कुणाला विचारायचे, हेही वरच ठरते.

आणखी जवळचे उदाहरण घ्या. आपल्या राज्यात दारूचे दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली, उभी बाटली' असे मतदान होते. २००८ च्या नियमांप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीला पडल्या तर दुकान बंद. नियम नीट वाचा. झालेल्या मतांपैकी निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक. म्हणजे जी बाई कामावरून सुटली नाही, जी मेली पण यादीतून गेली नाही, जी लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली, ती सगळी मते आपोआप उभ्या बाटलीला. अर्धी लढाई दारूशी आणि अर्धी यादीशी. तरीही बायांनी कित्येक गावांत बाटली आडवी केली आहे.

आता सांगा, एक दुकान बंद करायला मतदान आहे. अख्खे गाव बंद करायला काय आहे? हरकती आणि सूचना. डिसेंबर २०२० मध्ये प्रारूप अधिसूचना निघाली, लोकांनी लेखी हरकत द्यायची, सुनावणी व्हायची, आणि निर्णय सरकारने घ्यायचा. खाणीवर, बांधकामावर, सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणारा माणूस राजपत्र वाचून हरकत लिहील, ही अपेक्षा कुणी ठेवली?

इथे कुणी आम्हाला "म्हणजे तुम्हाला ग्रामपंचायत परत हवी का?" असे विचारील. अजिबात नाही. गावाचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याचे जे रूप मांडले, ते आमच्या आजा-पणज्यांनी भोगले आहे. गावकीत आपली जागा कुठे होती, ते सांगायला नको. शहर आपल्याला हवेच आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. गाव गेले, पण गावात संविधानाने दिलेली दोन हत्यारे होती: ग्रामसभा आणि राखीव जागेवरचा आपला सदस्य. ती दोन्ही काढून घेताना बदली काहीतरी त्याच दिवशी मिळायला हवे होते. कायद्यात शहरासाठीही क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती कागदावरच राहिली.

आणि सगळ्याच गोष्टी सार्वमताने ठरवाव्यात, असेही आम्ही म्हणत नाही. जिथे बहुसंख्या जातीची असते, तिथे सार्वमत म्हणजे बहुसंख्येने अल्पसंख्येच्या हक्कावर शिक्का मारणे होऊ शकते. उद्या वस्तीतल्या विहारासाठी जागा द्यायची का, असे अख्ख्या प्रभागाला विचारले तर काय होईल? म्हणून सार्वमताचा पहिला प्रश्न 'काय विचारायचे' हा नाही, 'कुणाला विचारायचे' हा आहे.

हा प्रश्न आमच्याच रस्त्यावर एकदा निर्णायक ठरला होता. वाघोलीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघालात की दहा-बारा किलोमीटरवर येरवडा लागते. सप्टेंबर १९३२. तुरुंगात गांधीजींचे उपोषण, बाहेर देशभर दबाव, आणि वाटाघाटीत एकटे पडलेले बाबासाहेब. पुणे करारात ७१ ऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्या वाटाघाटी शेवटी कशावर अडल्या होत्या? सार्वमतावर. राखीव जागा किती वर्षांनी संपवायच्या, हे अस्पृश्यांच्या सार्वमताने ठरावे, असा बाबासाहेबांचा आग्रह होता, आणि ते सार्वमत पुरेशा वर्षांनी व्हावे असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजी पाच वर्षांवर अडून बसले. शेवटी करारात सार्वमत आलेच नाही. दोन्ही समाजांच्या परस्पर संमतीशिवाय राखीव जागा संपणार नाहीत, असे कलम आले. बाबासाहेबांच्या मागणीत दोन अटी होत्या, त्या पुन्हा वाचा. विचारायचे ते ज्यांचा हक्क आहे त्यांनाच. आणि विचारायचे ते त्यांना उभे राहायला वेळ मिळाल्यावर. सार्वमताचे याहून नेमके तत्त्व आम्हाला कुठे सापडलेले नाही.

कराराला दोन आठवडे होत नाहीत तोच, ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलायला उभे राहिले. प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व असल्याशिवाय पंचायत नको, ही त्यांची भूमिका होती. नेमलेला माणूस नको, निवडलेला हवा. प्रशासकराजावर आजही यापेक्षा वेगळे काय बोलायचे?

आता हद्द आणि मोजणी. महापालिकेच्या १६५ जागा, त्यात अनुसूचित जातींसाठी २२. हे गणित २०११ च्या जनगणनेवर आहे. २०११ ची वाघोली आणि आजची वाघोली यांत काय साम्य उरले आहे? तेव्हा शेत होते तिथे आज टॉवर आहेत, आणि टॉवर बांधणारे, झाडणारे, राखणारे हजारो लोक मराठवाडा-विदर्भातून येऊन इथे राहिले आहेत. त्यातले कितीतरी आपले आहेत. कागदावर ते या मोजणीत नाहीतच. पंधरा वर्षांपूर्वीच्या डोक्यांवर आजच्या जागा वाटल्या गेल्या.

त्यात चारचा प्रभाग. वाघोली खराडीशी जोडली गेली. एका प्रभागात २०११ च्या हिशेबानेही साधारण ८० हजारांवर लोक येतात. राखीव जागेवरचा उमेदवारही एवढ्या सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो. म्हणजे वस्तीला कोण हवा, यापेक्षा पॅनेलला कोण चालतो, हे ठरते. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीला एक मत, चारही मते एकाला देता येत नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची सोय होती. बाबासाहेबांनी त्या पद्धतीचा आग्रह धरला होता, आणि स्वतंत्र मजूर पक्षाने लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात ती सोय नव्हती. बाबासाहेब १४ हजारांहून अधिक मतांनी हरले, आणि बाद झालेली मते ७४ हजारांच्या वर होती. अशोक मेहतांसह त्यांनी त्या निवडणुकीला आव्हानही दिले होते. माणूस तोच, समाज तोच, पण मत मोजायचा नियम बदलला की निकाल बदलतो. मतदारसंघाची रचना हा कारकुनी विषय नाही, तो राजकारणाचा गाभा आहे.

राहिली यादी. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाचे कलम मांडताना बाबासाहेबांनी आपली आधीची योजना बदलली. आधी प्रांतांसाठी वेगळे आयोग ठेवायचे होते. पण काही प्रांतांत अधिकाऱ्यांना सूचना देऊन वेगळ्या वंशाच्या, संस्कृतीच्या, भाषेच्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून त्यांनी सगळे एका स्वतंत्र केंद्रीय आयोगाकडे दिले. यादीतून नाव गाळणे म्हणजे माणूसच गाळणे, हे त्यांनी ओळखले होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रभागनिहाय प्रारूप यादी आली, तेव्हा आम्ही दहा-बारा पोरे-पोरी संध्याकाळी विहारात बसून ती वाचत होतो. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागात फोडतो. फोडताना काय होते ते आम्ही पाहिले. एकाच घरातला नवरा एका केंद्रावर, बायको दुसऱ्या. एका चाळीतली निम्मी घरे भलत्याच भागात. हरकत घेऊन गेलो, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. पण सगळ्यात बोचले ते वेगळेच. नांदेड, लातूर, परभणीहून येऊन आठ-दहा वर्षे इथे राहिलेली आपली माणसे यादीत नव्हतीच. मत गावाकडे. एक दादा म्हणाले, "गावाकडचं मत तोडलं तर गावात आपलं काय राहील?" घरमालक भाडेकरार देत नाही, पत्त्याचा कागद नाही, हेही खरे. पण वाट्याला येणारे पाणी इथले, मुलांची शाळा इथली, गटार इथले, आणि मत पाचशे किलोमीटरवर. मतदानाच्या दिवशी गावी जायचे तर दोन दिवसांची हजेरी बुडते. म्हणजे मत तिथेही नाही आणि इथेही नाही.

दरवर्षी १ जानेवारीला आमच्याच रस्त्यावरून लाखो लोक भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला जातात. त्या गर्दीचा आम्हाला अभिमान आहे. त्या गर्दीतल्या जेवढ्या माणसांचे घर पुण्यात आहे, त्यांचे मत पुण्यात आहे का, हा प्रश्न आता विचारायला हवा. मानवंदना आणि मतदारयादी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे असे समजू नका. ती सुरू झाली आहे. २०२७ ची जनगणना येते आहे. तुम्ही जिथे राहता तिथे तुमचे कुटुंब मोजले गेले पाहिजे, भाड्याच्या खोलीत असलात तरी. बौद्ध बांधवांनी धर्म बौद्ध नोंदवताना जातीच्या रकान्याकडेही लक्ष द्यावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण राखीव जागांची संख्या नोंदलेल्या लोकसंख्येवर ठरते, मनातल्या नाही. या मोजणीवर पुढचे प्रभाग निघतील. प्रारूप आले की नकाशा घेऊन बसा, हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला दहा जण जा. प्रत्येक वस्तीत यादी वाचणारी दोन माणसे तयार करा. क्षेत्रसभा कायद्यात आहे, ती मागा. आणि पुन्हा कधी प्रशासक बसवायची वेळ आली, तर मुदत संपण्याच्या सहा महिने आधी बोला, चार वर्षांनंतर नाही.

निवडणुकीच्या काळात आमच्याकडे प्रत्येक पक्षाचा माणूस येतो आणि "वस्तीची मते किती?" असे विचारतो. यापुढे त्याला आधी आमची विचारणा असेल: प्रभागाचा नकाशा निघाला तेव्हा तू कुठे होतास? यादीवरची हरकत घेऊन गेलास का? निवडणूक लांबली तेव्हा तोंड उघडलेस का? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे नाहीत, त्याने आमच्याकडे मतांचा आकडा मागू नये.

जय भीम! जय संविधान!